नातीचा पाळणा आणि उन्हात वाळवलेल्या बॅटऱ्या

बिनवायरच्या ड्रिलची बॅटरी उन्हात वाळवायची नसते. हे मला एकाहत्तराव्या वर्षी, नातीच्या बारशाच्या दिवशी कळलं.

मी गास गावचा सुतार. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी (उरलेली अर्धी आंब्याच्या झाडावर). पण मी बसवलेलं दार अजून कुणाचं कुरकुरलेलं नाही. माझी बायको शेवंती गेल्या पावसाळ्यात गेली. पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरी आई नाही. विरारच्या विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "व्याही, तुमच्याकडे बाईमाणूस नाही. बारसं आमच्या फ्लॅटवरच करू या."

मी म्हटलं, "बारसं इथंच! पाळणा मी केलाय, हूकही मीच बसवणार. तुम्ही चार वाजता नुसतं नाव ठेवायला या!"

शब्द दिला. आता चारला पाळणा हलला नाही, तर लोक म्हणणार, शेवंती गेली आणि घरही बसलं. ते मी ऐकून घेणार नव्हतो.

हूक बसवायचा म्हणजे सागाच्या तुळईत आरपार भोक पाडून वरून नट आवळायचा. त्यासाठी माझी नवी ड्रिल, दोन बॅटऱ्यांची. (जुनी वायरवाली मोठेपणाने जावयाला देऊन टाकली होती.) पण आदल्या दिवशी आळीत येईल जाईल त्याला घर्रर्र करून दाखवली, त्यात दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या!

सकाळी शहाण्या माणसाने त्या गुमान चार्जरला लावल्या असत्या. पण मी पडलो अनुभवी! आम्ही टॉर्चचे सेल मेले की उन्हात ठेवायचो, की पुन्हा दोन दिवस उजेड. म्हटलं, आधी ऊन देऊ, ओल निघेल, मग चार्जिंग झकास धरेल. पत्र्यावर शेजारच्या वहिनीची, म्हणजे माझ्या थोरल्या भावजयीची, मिरची वाळत होती. तिच्या पंगतीला दोन्ही बॅटऱ्या बसवल्या. बारा वाजता उचलायला गेलो तर हात पोळला! चार्जरला लावल्या, तर लाल दिवा नुसता लुकलुकतोय.

वहिनी मिरची गोळा करायला आलीच होती. "काय झाला भावजी?"

"तापल्यात गं."

"मंग फ्रीजमदी टाका! तापल्यावर कोन उन्हात ठेवतो?"

पटलं. टाकल्या बर्फाच्या खणात. पाऊण तासाने काढल्या, पुसल्या, लावल्या. पुन्हा लाल दिवा!

"गारठल्या," वहिनी म्हणाली. "आता शेक द्या."

आणि मी (सांगायला लाज वाटते) दोन्ही बॅटऱ्या घेऊन बाळंतिणीच्या शेगडीकडे निघालो! पोरगी खाटेवरून ओरडली, "बाबा! इथं मी आणि बाळ आहोत, स्फोट करतोस का? त्याचा कागद वाचलास?"

"इंग्रजी कागद मी वाचू?"

"चित्रं आहेत त्यात!"

चित्र मी पाहिलं होतं. सूर्यावर काट मारलेली. मला वाटलं, रविवारी सुट्टी द्यायची!

"तापलेली पण नको, गारठलेली पण नको," पोरगी म्हणाली. "बाळाला तरी असं ऊन, बर्फ, शेगडी करशील का? जरा पडू दे तिला."

मग मी दोन्ही बॅटऱ्यांना तांदळाच्या गोणीवर ठेवलं आणि समोर बसून राहिलो. शेवंती आजारी असताना मी एवढा गप्प बसलो नव्हतो. तेव्हाही सारखं काहीतरी देत होतो, काढा, लेप, कुणी सांगेल ते. ती म्हणायची, "जरा बसा की नुसते." तर आज बसलो.

अडीचला बॅटरी लावली. हिरवा दिवा, चार्जिंग धरलं! साडेतीनला ड्रिल हातात घेतली. तुळईत असं सरळ भोक गेलं, की वहिनीने तोंडावर पदर धरला. हूक टाकला, नट आवळला. आता आमच्यात पाळण्याचा हूक ज्याने बसवला, त्याने आधी स्वतः लटकून दाखवायचं. बाळाचा जीव दुसऱ्याच्या भरवशावर टाकत नाहीत. मी स्टुलावर चढलो, दोन्ही हातांनी हूक धरला आणि पाय सोडले. हूक हलला नाही. स्टूल मात्र लवंडलं.

तेवढ्यात दारात विहीणबाई, नव्या पैठणीत, मागे सगळं विरार.

"अगं बाई! व्याही, पाळण्यात बाळाला घालायचं असतं, तुम्ही कशाला चढलात?"

"हूक तपासतोय!" मी वरूनच, जमेल तेवढ्या रुबाबात, सांगितलं. "एकाहत्तर वर्षांच्या सुताराला पेलतो, तुमच्या नातीचं काय घेऊन बसलात! या, बसा. आणि बसायच्या आधी जरा ते स्टूल इकडे सरकवा."