आधी पोपट, मग माणसं

पाहुणे पाटावर बसले होते, ताटं वाढायची तेवढी बाकी होती, आणि माझ्या थोरल्या जावेने चवळीच्या भाजीचं भरलेलं पातेलं उचललं आणि मागच्या खड्ड्यात ओतलं. पडवीतल्या पिंजऱ्यात दोन पोपट तळाशी पडले होते. तिसरा दांडीला उलटा लोंबकळत थरथरत होता. पाहुणे वटारहून तिच्याच मुलीला बघायला आलेले. त्यांना ती एवढंच म्हणाली, "ताटाला कोणी हात लावू नका." मी पुष्कळ बाया पाहिल्या, पण अशी बाई दुसरी पाहिली नाही.

पोपट सगळ्यांकडेच असत तेव्हा. बाकीचे लोक त्यांना भिजवलेली डाळ आणि एक मिरची टाकत आणि वर्षभर तेच चालवत. आमच्या जाऊबाईंना ते पटत नसे. "रोज एकच दिलं की तेही कंटाळतात. तुम्ही तोंडाने बोलून दाखवता, ते पिसं उपटतात," म्हणायची. आणि तिला वेळ तर अजिबात नव्हता. अंधारात वाडीत जाऊन फुलं खुडायची, उजाडायला बाजाराची टोपली भरायची, मग आम्हा सगळ्यांचा स्वयंपाक. पोपटांसाठी म्हणून ती वेगळं काही करत नसे. भाजी चिरायला बसली की पहिली मूठ पिंजऱ्यातल्या करवंटीत टाकायची, बस. भोपळा चिरला की बिया त्यांच्या. कारलं चिरलं की त्याच्याही. मूग भिजवले तर फोडणीआधी मूठभर त्यांना, शेवग्याचा पाला निवडताना एक फांदी तशीच पिंजऱ्याला बांधायची. पेरू कापून द्यायची नाही, मक्याचं कणीस सोलायची नाही. मी एकदा सोलायला घेतलं तर हातातून ओढून घेतलं. "चोच कशाला दिलीय देवाने? त्यांचा वेळ जात नाही आणि माझ्याकडे वेळ नाही. सोलू दे त्यांनाच."

वाडीत कुठलंही नवं पीक आलं की पहिली तोडणी पोपटांची, हा तिचा कायदा. सासूबाईंना ते सहन होत नसे. "मला रोज वरणभात, आणि ह्या पाखरांची चैन बघा!" यावर ही शांतपणे म्हणाली, "तुम्हीपण बसा दांडीवर, आई. तुमची करवंटी लावते." सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत, आणि घर फार निवांत होतं. एकदा थोरल्या दिरांनी भूक लागली म्हणून करवंटीतली पेरूची फोड उचलली, तर पोपटाने बोट फोडलं. ही हळद लावता लावता म्हणाली, "दुसऱ्याच्या ताटातलं उचललंत, अजून काय होणार?" शेजारणीने पोपटाला चिवडा घातला तेव्हा तर वाडीच्या टोकापर्यंत आवाज गेला, "तुझ्या तान्ह्याला मी मीठ चाटवू का गो?" मी फोडणीला गेले की ती रोज ओरडायची, "मीठ थांब गो!" म्हणजे आधी त्यांचा वाटा काढायचा. शेवटी ते पोपटच शिकले. मी मिठाची बरणी उघडली की पडवीतून हुकूम यायचा, मीठ थांब गो. सासुरवास मी असाही काढला.

त्या दिवशी चवळीची पहिली तोडणी होती. पाहुण्यांना वाडीतलंच ताजं घालायचं म्हणून सासूबाईंनी सकाळी शेंगा खुडून आणल्या. हिने रिवाजाप्रमाणे पहिली मूठ पिंजऱ्यात टाकली आणि उरलेल्या चिरल्या. भात उतरवून ती पाणी आणायला पडवीत गेली, तेव्हा तिने पोपट पाहिले. मी असते तर आधी रडले असते, नाहीतर नवऱ्याला हाक मारली असती. तिने कोणालाच विचारलं नाही. तिघांच्या पोटात सकाळपासून चवळीशिवाय काही नव्हतं, तिला तेवढं पुरलं. आत आली आणि पातेलं उचललं.

दीर पाटावरून उठले. "डोकं फिरलंय का तुझं? पाखरं मेली म्हणून माणसांना उपाशी ठेवतेस?"

"वेलावर काय मारलंत?" तिने विचारलं.

फवाऱ्याचं औषध आमच्याकडे तेव्हा नवीनच आलं होतं. दिरांनी ते आदल्या संध्याकाळी मारलं होतं आणि नेहमीप्रमाणे घरात कोणाला सांगितलं नव्हतं. ते खाली बसले, आणि सगळ्यांना कळलं.

"पिठलं टाक गो," ती मला म्हणाली. "माणसं भुकेली आहेत." आणि स्वतः तिसरा पोपट पदरात घेऊन पडवीत बसली. कापसाच्या वातीने शहाळ्याचं पाणी त्याच्या चोचीत सोडत राहिली. ऊन कलेपर्यंत उठली नाही. स्वयंपाकघराकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

निघताना पाहुण्यांतली म्हातारी तिच्याजवळ थांबली. "पोरगी तुझ्यावर गेलीय का गो?"

"तोंडाने गेलीय," जाऊ म्हणाली. "बाकीचं माहीत नाही."

"चालेल," म्हातारी म्हणाली, आणि पदरातल्या पोपटाच्या डोक्यावरून एक बोट फिरवून गेली. मुलगी वटारलाच दिली.

खाली पडलेले दोन्ही पोपट गेले. जावेने त्यांना केळीच्या पानात गुंडाळून स्वतः पुरलं, आम्हाला कोणाला जवळ येऊ दिलं नाही. तिसरा पुष्कळ वर्षं जगला. पाटावर बसलेली माणसं सगळी जगली. आणि मी जगले. ती पातेलं उचलायला आत आली तेव्हा चव बघायला मी भाजी तळहातावर घेतलेली होती.