लाल बावट्याचं जाळं

त्या सकाळची आठवण निघाली की अजूनही मला एका जागी बसवत नाही. उठून गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागतो. बायको आतूनच विचारते, "परत तीच होडी का?"

उरण भागातल्या एका ठाण्याचा चार्ज तेव्हा माझ्याकडे होता. सकाळी सातला द्रोणागिरीतल्या एका गोदामाच्या वॉचमनचा फोन आला: खाडीकाठी जाळी ठेवायच्या शेडमध्ये अनोळखी माणसं लपली आहेत. आम्ही पोहोचलो, तेव्हा आत अकरा जण होते. ओठ फुटलेले, अंगावर मीठ सुकलेलं. आपला देश सोडून समुद्रमार्गे पळालेली माणसं होती ती. त्यांची भाषा आमच्यापैकी कोणालाच येईना. ज्या होडीतून ती उतरली, तिचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, शेडच्या दारातच उभा होता. पन्नाशीचा, गावातला जुना मच्छीमार. मी त्याला ताब्यात घेतलं, होडीचा पंचनामा केला आणि दुसरं कोणी निसटू नये म्हणून जेट्टीवरची एकही होडी सोडायची नाही, असा हुकूम दिला. त्या हुकमाचा तेव्हा मला फार अभिमान वाटला होता.

ठाण्यात चौकशी सुरू झाली. "कोणत्या दलालाचं काम करतोस?" मी पुन्हा पुन्हा तेच विचारत होतो. तांडेलाचं उत्तर एकच. "सायेब, बुडत व्हती, उचलली." पुढे चकार शब्द नाही. मात्र दर पाच मिनिटांनी त्याची नजर खिडकीतून खाडीच्या पाण्याकडे जायची. तीस वर्षांच्या नोकरीचा माझा ठाम समज होता, की खिडकीकडे बघणारा आरोपी पळायच्या तयारीत असतो. मी खिडकी लावून घेतली.

बाहेर बाकावर त्या अकरा जणांतली एक बाई बसली होती. ती सारखी उठायची, तळहात कमरेएवढ्या उंचीवर धरायची आणि समुद्राच्या दिशेला बोट करायची. दुभाषी मुंबईहून निघाला होता, वाटेत अडकला होता. लेकरासाठी खायला मागते आहे असं समजून हवालदारांनी तिला बिस्किटांचा पुडा दिला. तिने तो भिरकावला. "माज बघा," कोणीतरी म्हणालं. मी पुन्हा चौकशीच्या खोलीत गेलो.

दुपारी एकला तांडेलाची बायको ठाण्यात शिरली. मासळीबाजारातून तशीच आलेली, पाटी बाहेर आपटून.

"सायेब, माज्या दिराची होरी जेट्टीवर कोनी अरवली?"

"मी. का?"

"आवो, बाकीची मानसं दर्यान हायती! यांनी त्यांची होरी आपल्या जाल्याला बांधून ठेवलीय. दीर त्यांना आनायला चालला व्हता!"

तांडेल ताडकन उभा राहिला. "माजा भाव दर्यान गेलाच नाय?" एवढंच तो बोलला. मग सगळं भडाभडा बाहेर आलं. त्याच्या लहान होडीत वीस माणसं मावत नव्हती. जखमी आणि बेशुद्ध आधी घेतले. त्यांत ही बाई होती. तिची मुलगी मावशीपाशी मागे राहिली. बंद इंजिनाची ती होडी वाऱ्याने लांब जाऊ नये म्हणून याने आपल्या जाळ्याच्या दोरीला बांधली. जाळ्यावर त्याचा लाल बावटा होता, भावाला लांबून ओळखू येईल असा. पूर्वी एकदा समुद्रात सापडलेलं प्रेत आणून दिलं, तेव्हा पोलिसांनी त्याची होडी महिनाभर अडकवली होती. आता तोंड उघडलं तर भावाचीही अडकेल, म्हणून तो माझ्यासमोर वेळ काढत होता. आणि भावाची होडी मी सकाळीच अडकवून बसलो होतो; त्याच भीतीने भाऊही जेट्टीवर काही बोलला नव्हता.

जाळ्याच्या जागेचे जीपीएसचे आकडे त्याला तोंडपाठ होते. मी ते तटरक्षक दलाच्या बचाव केंद्राला कळवले. जाळ्यासकट ती होडी वाहत लांब सरकली असणार, असा त्यांचा अंदाज निघाला, आणि सगळ्यात जवळचं जहाज शेजारी देशाच्या बचाव केंद्राच्या संपर्कात होतं. एरवी ज्या देशाशी साधा पत्रव्यवहार पुढे सरकत नाही, त्यांच्या केंद्राने पंधरा मिनिटांत उत्तर दिलं आणि आखाताकडे निघालेलं एक परदेशी मालवाहू जहाज वळवलं. जहाजावरून आधी दिसला तो बावटा. संध्याकाळी पाचला निरोप आला: नऊपैकी आठ जिवंत, मुलगी सुखरूप. एक म्हातारा दुपारी गेला होता.

दुपारी. माझ्या हुकमानंतर.

सकाळचा पंचनामा मी पुन्हा वाचला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "जाळे मिळून आले नाही." मच्छीमार जाळं टाकून घरी का येईल, हा प्रश्न मला पडला नव्हता. कागदावर जे नाही, तेच आधी विचारायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. फार उशिरा शिकलो. तांडेलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "मी पन सांगाया पायजे व्हतं, सायेब."

जहाजाने मुलीला आखातातल्या बंदरात उतरवलं आणि आई इथे राहिली. दोघींना एकत्र आणायला तीन देशांचे कागद आणि चौदा महिने लागले. शेवटी एका चौथ्या देशाने दोघींना घेतलं. आईला निरोप द्यायला मी आणि तांडेल विमानतळावर गेलो. तिने मोबाइलवर मुलीचा नवा फोटो दाखवला. मग तळहात पूर्वीसारखाच कमरेएवढ्या उंचीवर धरला, आणि हसत वीतभर वर नेला.

त्या दिवशी दुभाषी लागला नाही.