आटपाडीच्या दारावरची आई

महावीर माझ्याशी खोटं बोलत बोलत गेला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळीकडं त्याचे कॅमेऱ्यामागचे फोटो फिरतायत. 'उजेडाचा जादूगार' वगैरे. लिहा, चुकीचं नाहीच ते.

पण मला आज गोड लिहायला जमणार नाही. ज्यांना चालणार नाही त्यांनी स्क्रोल करून पुढं जावं.

ओळखत नसाल तर सांगतो. महावीर सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याचा पोरगा. सांगलीत विश्रामबागला एका खोलीत राहून आम्ही दोघं चित्रकला शिकलो. मी शाळेत ड्रॉइंग टीचर झालो. तो मुंबईला गेला. आधी कॅमेऱ्याच्या पेट्या उचलल्या, मग असिस्टंट, मग मोठा सिनेमॅटोग्राफर.

ब्रश मात्र सोडला नाही पठ्ठ्यानं. प्रत्येक सिनेमाआधी त्यातला उजेड तो ऑइलमध्ये रंगवायचा आणि ते चित्र डायरेक्टरपुढं ठेवायचा. बोलायचं काम नाही.

आणि एक घाण खोड होती. कोऱ्या कॅनव्हासवर त्याचा हात चालायचा नाही. जुनं चित्र घ्यायचं आणि त्याच्यावरच नवीन रंगवायचं. स्वतःची कितीतरी चांगली चित्रं त्यानं अशी खाल्ली.

मी शिव्या घालायचो. तो हसायचा.

"गड्या, चित्रच हाय. परत काढता येतंय की."

आता माझ्या आईबद्दल.

आई आटपाडीची. कॅमेरा दिसला की पदर पुढं ओढून आत. लग्नात नाही, बारशात नाही. तिचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. त्यात ती चोरी करताना सापडल्यासारखी दिसते.

महावीर असिस्टंट असताना सुट्टीत आमच्याकडं आटपाडीला यायचा. आई त्याच्यासाठी कांदा-लसूण न घालता आमटी करायची आणि दिवस मावळायच्या आत ताट वाढायची. एकदा जेवता जेवता त्यानं धीर केला.

"काकू, तुमचं चित्र काढू का?"

"मशीन न्हाई न्हवं?"

"न्हाई. हातानं."

"मग काड. पर मी काम सोडून बसायची न्हाई."

आटपाडीत कुठला कॅनव्हास? सांगलीहून आणेपर्यंत आईचं मन फिरलं असतं. आमचं जुनं दार नुकतंच काढून ठेवलेलं. त्याचीच एक फळी घेतली, कडीचं भोक असलेली. आई शेंगा फोडत बसली आणि हा दुपारच्या उन्हात रंगवत बसला.

आई जशीच्या तशी उतरली. कपाळावरच्या आठीसकट.

"एवढी म्हातारी झाली व्हय रं मी?" म्हणाली आणि तोंडाला पदर लावून लाजली. आईला लाजताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

हात रंगवायचे राहिले होते. "मुंबईत पुरं करतो," म्हणून तो फळी घेऊन गेला.

त्याची खोड मला माहीत होती. एसटी स्टँडवर त्याला म्हणालो, "ह्याच्यावर काही रंगवलंस तर याद राख."

"काकूंची शप्पत," म्हणाला.

पुढं आई गेली. मी चित्र मागितलं.

"हाय रं. वार्निश वाळतंय."

मग, "फ्रेमवाल्याकडं हाय."

मग, "घर बदललंय, खोक्यात हाय. तुझ्या आईला मी काय विकतोय व्हय?"

वर्षानुवर्षं हेच. मी विश्वास ठेवला. मित्र होता माझा.

गेल्या महिन्यात वहिनींनी त्याच्या चित्रांचं सांगलीत प्रदर्शन ठेवलं. मी चित्रं टांगायला गेलो होतो. त्याला अवॉर्ड मिळालं त्या सिनेमाआधी रंगवलेलं प्रसिद्ध चित्र हातात आलं. संध्याकाळचा भिजलेला निळा बाजार. हूक लावायला उलटं केलं.

कडीचं भोक, पुढून बुजवलेलं. आमचं दार.

खरं सांगतो, रागाआधी आनंदच झाला. म्हटलं, आई आहे! ह्या निळ्या रंगाखाली बसलीय. जाणकार माणूस गाठला तर वरचा थर काढता येईल. वहिनींना म्हटलंसुद्धा, खाली जुनं चित्र आहे, वरचा थर काढून बघू या.

त्यांना बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सहज म्हणाल्या, "नाही हो भावजी, खाली काही नसेल. जुन्या रंगाचे उंचवटे नको होते ह्यांना. दोन दिवस बाल्कनीत बसून सँडपेपर मारत होते. घरभर भुकटी झाली होती."

हूक न लावताच मी फळी भिंतीला टेकवून ठेवली.

नुसतं वरून रंगवलं असतंस तर खोड म्हणून सोडून दिलं असतं, महावीर. पण दोन दिवस? तिचा चेहरा समोर होता की तुझ्या. तिच्या हातचं जेवला होतास तू.

आणि त्याच सिनेमाला अवॉर्ड मिळालं तेव्हा तू पहिला फोन मला केलास. लय रडलास फोनवर. मला वाटलं, आनंदानं रडतोयस. मी शाळेत पेढे वाटले.

तेव्हा तरी बोलायचं होतंस रं.

उजेड तुझ्यासारखा कुणाला कळला नाही, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. तुझी आठवण रोज येते.

श्रद्धांजली घे, गड्या. माफ करायला मला अजून जमलेलं नाही.