बारशाला आत्या हवी
“तुझं नाव मी ठेवलंय हं, मला विसरायचं नाही,” असं आमची आत्या मला लहानपणी म्हणायची.

आज आम्ही इंदिरानगरच्या मैत्रिणी सिनेमाला गेलो होतो. त्यातला डॉक्टर वर्षानुवर्षं मनोरुग्णांच्या इस्पितळात असलेल्या रुग्णांना खाटेच्या नंबराने नाही, नावाने हाक मारतो. मी हमसून हमसून रडले.

मध्यंतरात संध्याने विचारलं, “अगं, एवढी काय रडतेस? तुमच्यात आहे का कुणी असं?”

“छे गं! मी आहेच रडूबाई,” म्हणत मी तिच्या पुड्यातले पॉपकॉर्न खाल्ले.

संध्या, मी खोटं बोलले. माझी आत्या बारा वर्षं मनोरुग्णालयात आहे. तिला शेवटचं कधी भेटले, तेही मला आठवत नाही. सिनेमातल्या परक्या रुग्णांसाठी मात्र रुमाल भिजवला. फार लाज वाटते आहे.

मंदार, माझ्या धाकट्या भावा, ही पोस्ट तू वाचशीलच. रविवारी तुझ्या लेकीचं बारसं. तिच्या कानात नाव सांगायचा मान आत्या म्हणून माझा. तो मला आपल्या आत्याला द्यायचाय.

“पाहुण्यांसमोर नको, ताई,” असंच तू म्हणशील. तरी विचारते, तिला घेऊन येऊ?