काकांच्या बोटाचा ठेका

"सीडी अडकली वाटतं तुझी. मघापासून एकच गाणं चाललंय," मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेली आत्या म्हणाली.

"गाणी वेगळी आहेत गो ताई. गाणारे पण वेगळे. ताल तेवढा एक," गाडी चालवता चालवता काका म्हणाले. "रेगे म्हणतात ह्याला."

"रेगे? कुठले, मालवणचे?"

काका हसले. मीही खिडकीकडे तोंड फिरवून हसून घेतलं.

राजापूरला साखरपुड्याचं जेवून आम्ही रत्नागिरीला परत निघालो होतो. काका बोटीवर असतात. सुटीवर आदल्याच दिवशी आले होते, रात्रभर प्रवास करून. ही सीडी त्यांनी जमैकाच्या बंदरात घेतलेली. एकाच तालावर एकामागून एक माणसं येऊन आपापलं गाऊन जात होती. कोणी भांडल्यासारखं, कोणी देवाला आळवल्यासारखं. काका स्टिअरिंगवर तर्जनीने ठेका धरत होते. गाणारा बदलला तरी बोट तेच करत होतं.

लांजा मागे पडलं आणि बोट तालाच्या मागे राहायला लागलं. आधी वाटलं, माझंच ऐकण्यात चुकतंय. मग एक ठोका गेला, दुसराही गेला, आणि बोट दचकून पुन्हा तालात आलं. मी आरशात पाहिलं. काकांच्या पापण्या मिटत होत्या, उघडत होत्या. समोरून एक डंपर अगदी जवळून गेला.

पण सांगायचं कसं? अर्धं जग फिरलेल्या माणसाला मी शिकवणार? जेवताना मीठ हवं असलं तरी मी मागत नाही, उठून घेते. मी मनात इंग्रजीत वाक्य जुळवलं, मग मराठीत. दोन्ही उद्धट वाटली. शेवटी आमच्या घरात चालण्यासारखं बोलले.

"मला गाडी लागतेय."

वाटलं, आता थांबतील. आत्याने पर्स उघडली. "हिचं लहानपणापासून हेच. दोन-दोन वाट्या बासुंदी कोणी सांगितली होती?" माझ्या हातावर तिने आवळासुपारी ठेवली.

"थांबू का?" काकांचा आवाज जड होता.

"कशाला? चघळेल ती. घर गाठूया."

आंजणारीचा घाट सुरू झाला. नवं गाणं लागलं, या वेळी बाईच्या आवाजात. ताल तोच. मी बोटाकडे पाहत राहिले. ते उठलं नाही. गाडी हळूहळू पांढऱ्या पट्ट्यापलीकडे सरकत होती.

"काका," मी म्हणाले. ते मलाच नीट ऐकू आलं नाही. मी पुढे वाकून त्यांचा खांदा घट्ट धरला.

"मला गाडी लागत नाहीये, काका. तुम्हाला झोप लागतेय. गाडी थांबवा."