कोंडी सुटल्यानंतर

आडगावच्या बाजूला हायवेच्या उड्डाणपुलाचा उतार जिथे सर्व्हिस रोडला मिळतो, तिथली कोंडी का होते हे शोधायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, तेव्हा वाहनमोजणी माझ्याकडे होती. खांबांवर कॅमेरे लावले. ट्रक, रिक्षा, ओझरच्या कारखान्याच्या बसेस, दुचाक्या, सगळं मोजलं. कारण लगेच सापडलं. उताराच्या तोंडाशीच बसथांबा होता. बस उभी राहिली की मागची रांग थेट पुलावर चढायची.

"थांबा उताराच्या पलीकडे न्या, झालं," साहेब म्हणाले. मी हिशेब करून तेच लिहून दिलं. महिन्याभरात थांबा हलला आणि कोंडी खरंच सुटली. ऑफिसात पेढे वाटले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी मी स्कूटीवरून तिथून चालले होते. उताराच्या कडेला सात-आठ बाया उभ्या होत्या. कुणाच्या डोक्यावर मेथीची पाटी, कुणाच्या हातात डबा. पलीकडे बस लागलेली, आणि पुलावरून गाड्या सुसाट येत होत्या. एक बाई दोन पावलं पुढे गेली अन् झटकन मागे आली. मी गाडी लावली.

"रोज असंच?" मी पाटीवालीला विचारलं.

"आधी नव्हतं ताई. गाड्या तुंबून राह्यच्या, त्यांच्यातून निघून जायचो. आता कोण थांबतंय? लय भ्या वाटतं."

तिला सांगावंसं वाटलं, हे मी केलंय. नाही सांगितलं. हात वर करून तिच्याबरोबर पलीकडे गेले, तेवढंच.

ऑफिसात कशात लक्ष लागेना. शेवटी साहेबांकडे गेले. "सर, आपण चालणारी माणसं मोजलीच नाहीत."

"कामात नव्हतं ते."

"तरी मोजायला हवी होती."

पुढच्या तीन सकाळी मी वही घेऊन उताराशी उभी राहिले आणि माणसं मोजली. घरी चहा अर्धा टाकून उठायचे, नवरा म्हणायचा, "तू अशी कावरीबावरी का फिरतेस?" पादचाऱ्यांसाठी सिग्नल हवा, असं पुरवणी अहवालात लिहिलं. साहेबांनी वाचून चष्मा काढला. "म्हणजे सोडवलेली कोंडी परत घालायची?"

"थोडी."

त्यांनी सही केली, पण दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

उतारावर गतिरोधक आले. सकाळी एक ट्रॅफिक वॉर्डनही उभा राहतो, पण रोज नाही. सिग्नलची फाईल अजून या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. दर सोमवारी मी महापालिकेत फोन करते. पलीकडून "बघतो मॅडम" असं उत्तर येतं. वॉर्डन नसला की मी स्कूटी लावते, उताराशी हात वर करून उभी राहते, आणि त्या दिवशी ऑफिसला उशीर होतो.