गौतमची भूक

दुपारचा एक. हिंगोली, आमच्या दैनिकाचं जिल्हा कार्यालय. डबे उघडायची वेळ.

वार्ताहराच्या टेबलावर बातम्यांपेक्षा किस्सेच जास्त साचतात. आमचा फोटोग्राफर गौतम, त्याचे तर ढीगभर. हसलो आम्ही, भोगलं त्यानं, म्हणून आता ते छापायलाच हवेत.

*

गौतम अंगानं जाडजूड. त्यानं डबा उघडला की ऑफिसप्रमुख कुलकर्णी रोज विचारत, "गौतमराव, आज कोणाचं लग्न?" सगळे हसत.

त्याच्या डब्यात माझ्याएवढ्याच भाकरी असायच्या. मी किडकिडीत, म्हणून माझ्या कोणी पाहिल्या नाहीत.

*

डोंगरकडा गावात एका कार्यक्रमात आम्ही पंगतीला बसलो. वाढप्यानं गौतमच्या ताटात न विचारता लाडवांचा ढीग लावला. तो नको-नको म्हणत होता.

"लाजता काहून साहेब? तब्येत पाहूनच वाढून राहिलो!"

अन्न टाकायचं नाही, ही त्याला आईची शिकवण. त्यानं मुकाट्यानं सगळं संपवलं. तोच वाढपी शेजारच्याला म्हणाला, "पाहिलं? म्हणलं नव्हतं?"

*

मग कुलकर्णींनी मनावर घेतलं. गौतमचा दुपारचा डबा कपाटात बंद. वजन थोडं उतरलं, तेव्हा कुलकर्णींनी पेढे वाटले. पहिला गौतमलाच!

पण त्याची भूक भडकतच गेली. उतरलेलं वजन परत चढलं. नरसी गावात फोटो काढता काढता एकदा तो चक्कर येऊन पडला.

*

मी त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. रक्तात साखर निघाली. उपाशी राहणं आधी बंद करा, बाई म्हणाल्या, वेळेवर थोडं थोडं खा. मग त्यांनी समजावलं. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातून एक हार्मोन निघतं, ते मेंदूला सांगतं की आता पुरे. चरबी फार वाढली की तोच निरोप सारखा जाऊन जाऊन मेंदू तो ऐकेनासा होतो. उपाशी राहिलं की निरोपच घटतो, मेंदूला वाटतं दुष्काळ पडला, आणि भूक पेटते.

गौतमनं हळूच विचारलं, "म्हंजे बाई, मी खादाड न्हाई?"

"नाही."

"हे आमच्या हापिसात येऊन सांगता का?"

*

बाई कशाला येतील? मीच सांगितलं, चांगलं टेबल आपटून. कुलकर्णींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आमच्या वेळी असली हार्मोन्स नव्हती," ते म्हणाले.

कपाटाचं कुलूप मात्र मी काढायला लावलं. बाईंनी ठरवून दिलेल्या वेळा गौतम पाळू लागला. साखर आटोक्यात येत होती. फक्त आमच्यासमोर खायची त्याला लाज वाटे. तो जिन्याखाली, जुन्या अंकांच्या गठ्ठ्यावर, आमच्याकडे पाठ करून जेवायचा. कॅमेरा टेबलावर ठेवून.

आमचे फिल्मचे रोल न धुताच एसटीनं मुख्य कार्यालयात जात. एका रविवारच्या पुरवणीत लेख आला, 'जिभेवर ताबा ठेवा'. सोबत मोठा फोटो: जिना, गठ्ठे, डब्यावर वाकलेली एक रुंद पाठ. खाली छायाचित्रकार म्हणून गौतमचंच नाव.

त्यानं अंक खिडकीपाशी नेऊन नीट पाहिला.

"फोकस बराबर हाय," तो म्हणाला. "बटन कोनी दाबलं, तेवढं सांगा."

ऑफिसात आम्ही सगळे हजर होतो. त्या दिवसापासून गौतमनं डबा आणला नाही.